टक् कुठून येतंय: आईच्या स्पिन बाईकच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

७ जून, शनिवार

घेतली एकदाची स्पिन बाईक, म्हणजे घरात जागेवर चालवायची व्यायामाची सायकल. बी विंगच्या काकांकडे तीन वर्षं पडून होती, पडून म्हणजे टॉवेल आणि चादरी वाळत घालायला वापरात होती, साडेपाच हजारात दिली. आईच्या गुडघ्यांसाठी. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलंय, आणि सिंहगड रोडवर ६७ वर्षांच्या बाईने सायकल चालवायची म्हणजे गुडघ्याआधी दुसरंच काहीतरी मोडेल.

बाईक पट्ट्यावर चालणारी आहे, पुढे १८ किलोचं उघडं फ्लायव्हील, म्हणजे पेडल मारलं की फिरणारं जड चाक, मधला नॉब फिरवला की फेल्टचा पॅड चाकावर दाबला जातो आणि जड होतं, आणि तोच नॉब खाली दाबला की ब्रेक. लिफ्टमध्ये उभी बसेना, आडवी घातली तर दार लागेना, शेवटी मी आणि वॉचमन काकांनी तीन मजले उचलून आणली. पुढची दोन चाकं ढकलायलाच असतात पण जिन्यात काय उपयोग त्यांचा.

बसून बघितलं. चालते. पण दर फेरीला एकदा टक्. काका म्हणाले, "अरे तो आवाज पहिल्यापासून आहे, काही होत नाही." बरं.

८ जून, रविवार

आज जागा आणि सफाई. बाल्कनी पहिल्यांदाच बाद, पाऊस आत येतो. हॉलमध्ये खिडकीजवळ ठेवली, खाली जाड रबरी मॅट. आमच्या लाद्या जुन्या आहेत, एक कोपरा दबलेला, त्यामुळे बाईक तिरकी डुगडुगत होती. पायाखाली चार स्क्रूचे पाय असतात ते फिरवून लेव्हल करायचे, मी बाबांची जुनी पाणसळ काढली आणि आधी आडवी मग उभी लावून बुडबुडा मधे आणला. मग पायांवरचे लॉक नट वर घट्ट केले, ते राहिले तर आठवड्याभरात पाय परत आपोआप फिरतात.

सफाईला साधं फडकं आणि साबणाचं अगदी थोडं पाणी. हँडलच्या दांड्याखाली आणि सीटच्या पाइपच्या तोंडाशी गंज निघाला, घामाचा. घामात मीठ असतं आणि तो नेमका तिथेच ठिबकतो जिथे आपण कधी पुसत नाही. बारीक पॉलिश पेपरने घासून, पुसून, पाइपच्या आत ग्रीसचा पातळ हात. सीटचा पाइप बाहेर काढला तेव्हा त्यावर आडवी खूण दिसली, मॅक्स लिहिलेली, तिच्या वर पाइप काढायचा नाही. काकांचा मुलगा सहा फुटी आहे. पाइपवरचे ओरखडे बघता तो त्या खुणेच्या बरंच वर बसत होता, पाइप वाकला नाही हे नशीब.

११ जून

ताई आणि भाचा आले होते. भाचा चार वर्षांचा. दोन मिनिटं माझं लक्ष नव्हतं तर हा एका हाताने पेडल गरागरा फिरवतोय आणि दुसरं बोट चाक आणि फ्रेमच्या मधल्या फटीकडे. काही झालं नाही. पण पोटात गोळा आला. १८ किलोचं चाक एकदा फिरायला लागलं की पोराच्या बोटासाठी थांबत नाही.

आजपासून नियम: वापर झाला की नॉब पूर्ण आवळून ठेवायचा म्हणजे चाक हलतच नाही, आणि बाईकचं तोंड भिंतीकडे. पॅड एकाच जागी दाबून राहिला तर त्याला खळगा पडतो हे मला माहितीये, पडू दे, पॅड दोनशे रुपयांचा आहे.

१४ जून, शनिवार

सीटची उंची. यातच अख्खी सकाळ गेली पण खरं काम हेच आहे असं मला वाटायला लागलंय. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावतो आणि वाटीच्या मागे दुखतं, आणि फार वर असली की कंबर डावी-उजवी डोलते आणि गुडघ्यामागची शीर ताणते. पेडल अगदी खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा.

एक आकडा सायकलवाल्यांमध्ये चालतो, जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची गुणिले ०.८८३, आलेलं उत्तर म्हणजे क्रँक (पेडल ज्या दांडीच्या टोकाला असतं ती) जिथे फिरतो त्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतचं अंतर. तूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हा ओळखला जातो. मोजताना भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं आणि पायांच्या मधे एक जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरायचं. आईला पुस्तक दिलं तर म्हणाली, "पुस्तक पायात धरू? शिकवलं काय मी तुला?" मग पाणसळच दिली. उलट बरं झालं, आडवी सरळ धरली गेली की नाही ते बुडबुडाच सांगतो.

आई ६८ सेंटिमीटर, म्हणजे ६०. मी ८१, म्हणजे साडेएकाहत्तर. बाईकच्या पाइपला अडीच-अडीच सेंटिमीटरवर भोकं आहेत, आईचं ६० नेमकं दोन भोकांच्या मधे येत होतं, एक साडेअठ्ठावन आणि दुसरं ६१. तेव्हा आकडा बाजूला ठेवला आणि टाचेची परीक्षा घेतली. बूट घालून बसायचं, टाच पेडलवर ठेवायची, पेडल खाली न्यायचं, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर न झुकता. मग चवडा पेडलवर आणला की गुडघा आपोआप हवा तेवढा वाकतो. आईच्या चालायच्या बुटांचा तळ जाड आहे त्यामुळे ६१ वर छान बसलं. अनवाणी बसली असती तर ते उंच झालं असतं. म्हणून नोंद: आईने याच बुटात चालवायचं, स्लिपरवर तर अजिबात नाही.

पुढे-मागे सरकवायला ओळंबा. सुतळीला एक नट बांधला, दोन्ही पेडल आडव्या रेषेत, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावरून सुतळी सोडली, नट पेडलच्या दांड्यावर यायला हवा. आईचा चांगला दोन बोटं पुढे येत होता, सीट मागे घेतली. सीटचं नाक सपाट ठेवलं, वर उचललेलं असलं की बसायला त्रास आणि खाली झुकलं असलं की माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. हँडल मात्र शक्य तेवढं वर. आईला शर्यत थोडीच लावायचीये.

खुणा करायला आईनेच तिची लाल नेलपॉलिश दिली. लाल रेघ आईची, माझी साधी मार्करची काळी.

१५ जून, रविवार

आईचं पहिलं बसणं, आणि पहिलाच धडा. या बाईकला साध्या सायकलसारखं पाय थांबवले तरी चाक मोकळं फिरत राहायची सोय नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच आणि पाय त्यांच्याबरोबर ओढले जाणार. आईने दोन मिनिटांनी सवयीने पाय थांबवायला बघितले आणि पेडलने पाय वर ढकलला, ती घाबरून ओरडली, मी नॉब दाबला, चाक जागेवर थांबलं.

मग अर्धा तास फक्त थांबायचा सराव. हळू चालव, नॉब दाब, थांब. परत. दहा वेळा. अशा बाईकवर बसणाऱ्या प्रत्येकाला आधी हे शिकवायला पाहिजे, काकांनी मला सांगितलं नाही आणि त्यांना बहुतेक दुकानदाराने सांगितलं नसेल.

चढायला पाट ठेवला होता, तो मॅटवरून सरकला. पाट बंद. आता डावं पेडल पूर्ण खाली, नॉब पूर्ण आवळलेला, दोन्ही हात हँडलवर, डावा पाय पेडलवर आणि मग उजवा पलीकडे. उतरताना उलटं, आणि चाक पूर्ण थांबल्याशिवाय पाय बाहेर काढायचा नाही. पेडलच्या पिंजऱ्याचे पट्टे सैलच ठेवलेत, पाय अडकू नये म्हणून.

आज सहा मिनिटं. पुरे.

१८ जून

टक्, टक्, टक्. आईला काही वाटत नाही, मला झोप येत नाही.

नुसतं ऐकून कळत नाही म्हणून मोजायला बसलो. फ्लायव्हीलवर खडूची खूण केली आणि पेडल हाताने एक फेरी फिरवलं, चाक बरोबर चार फिरलं. म्हणजे दोष चाकात किंवा त्याच्या बेअरिंगमध्ये असता तर एका फेरीत चार आवाज आले असते. पट्ट्यावर छापलंय ४३० जे ६, म्हणजे ४३ इंच लांब, जे जातीचा, सहा धारांचा. ४३ इंच म्हणजे १०९२ मिलिमीटर. पेडलकडच्या मोठ्या पुलीचा घेर सुतळीने मोजला, जवळजवळ ६३ सेंटिमीटर. म्हणजे पट्टा पेडलच्या पावणेदोन फेऱ्यांत एकदा पूर्ण फिरतो, पट्ट्यावर एखादी चीर असती तर आवाज पावणेदोन फेऱ्यांनी आला असता. आपला टक् नेमका फेरीला एक. म्हणजे पेडल, क्रँक किंवा क्रँकच्या दांड्याचं बेअरिंग.

सीटसुद्धा तपासली. उभं राहून चालवलं तरी आवाज तोच, म्हणजे सीट सुटली.

माझा संशय बेअरिंगवर. शनिवारी नाना पेठेत जाऊन आणतो.

२१ जून, शनिवार

नाना पेठ विसरा. पालख्या पुण्यात आहेत, आज मुक्काम, तुकोबांची पालखी तर नाना पेठेतच असते. गाडी घेऊन जायचा विचार सकाळी आला हेच मूर्खपणाचं होतं. आईला दर्शनाला जायचं होतं, तिला ताईबरोबर पाठवलं आणि मी घरी पेडल खोलायला बसलो.

आणि हात फोडून घेतला. उजवं पेडल नीट निघालं, १५ नंबरचा पाना, घड्याळाच्या उलट. डावं निघेना. मी जोर लावतोय, पान्याला पाइप लावून जोर लावतोय, आणि पाना सटकला आणि बोटांची हाडं थेट क्रँकवर. रक्त पुसताना आठवलं की डाव्या पेडलला उलटे आटे असतात. शाळेत असताना सायकलच्या दुकानात पंक्चर काढताना शंभर वेळा ऐकलेलं वाक्य. म्हणजे इतका वेळ मी ते आणखी आवळतच होतो.

उलटे आटे का, तर पेडलच्या दांड्यावर फिरता भार येतो त्याने दांडा क्रँक फिरतो त्याच दिशेला कणाकणाने सरकतो, डाव्या बाजूला साधे आटे असते तर चालवता चालवता पेडल सुटून पडलं असतं. दांड्याच्या टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं, ते वाचायचं आणि मग पाना लावायचा. सोपी खूण म्हणजे पाना वर उभा धरून दोन्ही बाजूंना मागच्या चाकाकडे ओढला की पेडल सुटतं, पुढे ढकललं की आवळलं जातं. या बाईकला मागचं चाक नाही, मागे म्हणजे सीटकडे.

आटे पुसले, ग्रीस लावलं, आधी हाताने चार-पाच फेऱ्या बसवलं. हाताने फिरत नसेल तर तिरकं जातंय असं समजायचं आणि बाहेर काढायचं, पान्याने दामटलं की क्रँकचे आटे गेले.

टक् आहे तसाच.

२८ जून, शनिवार

नाना पेठ. बेअरिंग दोन, ६००४, म्हणजे आतून २०, बाहेरून ४२, जाडी १२ मिलिमीटर, दोन्हीकडून रबरी सीलवालं घेतलं कारण घाम आणि धूळ. तीनशे साठ रुपये दोन्हीचे.

तिथून परत येताना एका जुन्या सायकल दुकानात पुलर मागायला थांबलो, क्रँक ओढून काढायला लागतो तो. दुकानातले आजोबा म्हणाले, "काय झालंय?" मी पावणेदोन फेऱ्यांपासून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, क्रँक धरून हलवून बघितला का?"

नाही बघितला.

"दोन्ही हातांनी दोन्ही क्रँक धरायचे, आतबाहेर हलवायचे. दोन्ही बरोबर हलले तर बेअरिंग गेलं. एकच हलला तर तोच क्रँक ढिला."

घरी आल्यावर चपला न काढता आधी ते केलं. उजवा दगड. डावा खुट् खुट् हलतोय. दहा सेकंदांचं काम होतं आणि मी दहा दिवस गणित करत होतो. बेअरिंग कपाटात.

२९ जून, रविवार

डावा क्रँक काढला. १४ नंबरचा बोल्ट तर बोटाने फिरला इतका ढिला. पुलर क्रँकच्या आट्यात पूर्ण आत बसवायचा, दोन-तीन आट्यांवर लटकवून ओढला तर आटे उपटून येतात, आणि मग मधला स्क्रू आवळत जायचा. टप् करून निघाला.

क्रँकचं चौकोनी भोक उजेडात धरलं. चौकोन राहिलाच नव्हता, कोपरे गोल झालेले, एका बाजूला धातू चमकतोय आणि दांड्यावर बारीक काळी पूड. ढिल्या बोल्टवर चालवत राहिलं की पोलादी दांडा क्रँकचं भोक रोज थोडं थोडं खातो. असा क्रँक परत कितीही आवळला तरी दोन दिवसांत ढिला होतो, तो फेकायचाच. काकांचं "काही होत नाही" म्हणजे हे. कोणी उभं राहून जोरात चालवताना तो निखळला असता तर दात गेले असते.

दांड्याचे कोपरे सुदैवाने शाबूत आहेत. नवा डावा क्रँक, १७० मिलिमीटर, आजोबांकडूनच, साडेतीनशे. लांबी उजव्याएवढीच पाहिजे, जुन्याच्या मागे छापलेली असते. चौकोनी दांड्याला ग्रीस लावायचं की नाही यावर सायकलवाल्यांमध्ये दोन तट आहेत, आजोबा कोरडं म्हणाले, मी कोरडं ठेवलं. बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीस.

किती आवळायचा? ३५ ते ४० न्यूटन मीटर. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा, माझ्याकडे नाही आणि एका बोल्टसाठी घेणारही नाही. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता वजनकाटा आहे तो वापरला, पान्यावर बोल्टपासून २० सेंटिमीटरवर सुतळी बांधून काटा अडकवला आणि पान्याला काटकोनात ओढत १८ किलोपर्यंत नेला. १८ किलो म्हणजे १७६ न्यूटन, गुणिले ०.२, पस्तीस. आई दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, "बाजारात बसलायस का?"

टक् गेला. खोलीत फक्त पट्ट्याची हलकी घरघर.

६ जुलै, आषाढी एकादशी

आईचा उपास, त्यामुळे तिला सुट्टी, मला पट्टा आणि पॅड.

जोरात पेडल मारलं की क्षणभर पाय रिकामा जात होता, म्हणजे पट्टा घसरत होता. कव्हर काढलं, आत काकांच्या घरच्या तीन वर्षांची धूळ. पट्ट्यावर अंगठ्याने मधोमध दाबलं तर चांगला दोन सेंटिमीटर आत. चाकाच्या आसाचे दोन्ही नट ढिले करून ताण द्यायचे स्क्रू दोन्ही बाजूंना सारखेच फिरवले, अर्धा-अर्धा आटा, आता साधारण एक सेंटिमीटर दबतो. जास्त ताणायचा मोह होतो पण मग बेअरिंगवर भार जातो. एका बाजूला जास्त फिरवलं तर चाक तिरकं होऊन पट्टा पुलीवरून सरकतो. पट्ट्याला तेल अजिबात नाही. साखळीवाली बाईक असेल तर गोष्ट वेगळी, तिला तेल लागतं.

फेल्टचा पॅड सुकून कडक झाला होता, आवळला की चीं आवाज आणि लोकर जळल्याचा वास. त्याला सिलिकॉन तेलाचे पाच-सहा थेंब, चाकाला नाही, पॅडला. दहा मिनिटं मुरू दिलं. आवाज गेला. त्यानंतर ब्रेक नीट लागतो का ते आधी हाताने चाक फिरवून तपासलं, तेल जास्त झालं तर ब्रेक घसरतो. रबरी पॅड असेल तर त्याला तेल लावायचंच नाही. आणि मॅग्नेटवाल्या बाईकला पॅडच नसतो, तिथे चुंबक चाकाच्या जवळ येतं आणि न टेकताच चाक अडवतं, त्यामुळे हे काम वाचतं, पण तशी साडेपाच हजारात मिळाली नसती.

२० जुलै

नवा क्रँक बसवून तीन आठवडे झाले, परत काटा लावला. बोल्ट थोडासा फिरला, जेमतेम पाव आटा. नवीन क्रँक दांड्यावर बसताना असा थोडा ढिला होतोच. डावं-उजवं पेडल तपासलं, ठीक.

आई १५ मिनिटं. बोलत बोलत चालवते, शेजारच्या काकूंशी फोनवर. बोलता येतंय म्हणजे वेग बरोबर आहे असं फिजिओ ताईंनी सांगितलंय. मी एकदा नॉब थोडा आवळला तर दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला, मग परत सैल. हलकं आणि भरभर, जड नाही.

१७ ऑगस्ट

सीटचा पाइप पूर्ण बाहेर काढून उजेडात बघितला. हे मी उगाच करत नाहीये. अमेरिकेत मे २०२३ मध्ये पेलोटन या व्यायामाच्या बाईक विकणाऱ्या कंपनीने तिथल्या साधारण २२ लाख बाईकांसाठी रिकॉल काढून नवीन सीटपोस्ट, म्हणजे सीटचे पाइप, फुकट दिल्या, चालवताना सीटपोस्ट मोडल्याच्या ३५ तक्रारी होत्या आणि १३ जणांना लागलं होतं. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये २७ हजार बाईकांची पेडल, १२० तक्रारी. एवढ्या महागड्या बाईकचं हे, तर तीन वर्षं ओले टॉवेल वाहिलेल्या या बाईकचं मी का नाही बघायचं.

जोडाच्या जागी नख फिरवून चीर लागते का बघितलं, नाही लागली. गंज परत थोडा आला होता, पुसला. पावसाळ्यात महिन्याला एकदा पाइप बाहेर काढायचा, नाहीतर आत धरतो आणि मग निघत नाही. खुंटी भोकात पूर्ण गेली की क्लिक होतं, त्यानंतर नॉब आवळायचा. परवा मी माझ्या उंचीवरून आईच्या उंचीवर आणताना खुंटी दोन भोकांच्या मधे अडकली आणि नुसत्या आवळण्यावर सीट उभी राहिली, मी बसलो तर दाणकन खाली. आई बसली असती तर. आता सीट बदलली की हाताने दाबून बघितल्याशिवाय कोणी बसायचं नाही.

१४ सप्टेंबर

मीटर बंद पडला. दोन पेन्सिल सेल, एक पाझरलेला, पांढरी पूड स्प्रिंगवर. व्हिनेगरच्या बोळ्याने पुसलं, सुकवलं, नवीन सेल. तरी वेग दाखवेना. चाकावर छोटं चुंबक आणि फ्रेमवर सेन्सर असतो, सेन्सर धक्क्याने लांब गेला होता, अर्ध्या सेंटिमीटरवर आणला आणि आकडे परत आले. कॅलरीचा आकडा मी कागद चिकटवून झाकलाय, नॉब किती आवळलाय हे त्या मीटरला कळतच नाही तर तो कॅलरी कशाच्या जोरावर सांगतो.

आई आता २२ मिनिटं. सकाळी म्हणाली, सीट किंचित उंच वाटतेय. बघितलं तर बूट झिजलेत, तळ जवळपास अर्धा सेंटिमीटर गेलाय. रविवारी नवीन बूट, आणि घरी आल्यावर परत टाचेची परीक्षा. क्रँकचा काटा पुढचा १२ ऑक्टोबरला. बेअरिंग अजून कपाटातच आहेत, कोणाला ६००४ हवी असतील तर सांगा.